सासूबाईंची जमीन, माझा जामीन

माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी आपली सगळी भातजमीन सरकारी कागदावर अंगठा उठवून जामीन ठेवली, त्या दिवशी आमचं दोघांचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

बोलणं मीच बंद केलं होतं. खानापूरजवळच्या त्यांच्या गावी मी दिवाळीला गेलो, आणि संध्याकाळी फिरून येताना चुकून शेजारच्या घरात शिरलो. नुसता शिरलो नाही, तर पाय धुतले, पाटावर बसलो आणि "वाढा!" म्हणून ओरडलो. त्या घरची माणसं सज्जन. त्यांनी वाढलं! दोन भाकरी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की वाढणारी बाई आपल्या ओळखीची नाही. सासूबाईंनी हे ऐकलं आणि साऱ्या गल्लीसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं जावई लिवत्यात झकास, पर बगत न्हाईत."

मला हे फार लागलं. कारण मी लिहिणारा माणूस! शहापुरात एका साडीवाल्या व्यापाऱ्याच्या पेढीवर मी पत्रं लिहीत असे. शिवाय आमच्या गल्लीतल्या सगळ्या विणकरांचे अर्जही मीच लिहायचो. 'अर्जदार नम्रपणे विनंती करतो की' एवढं मी असं काही वळणदार लिहायचो की पुढचं कोणी वाचलंच नाही तरी चालेल. एकदा मी बेळगावच्या कोर्टात साक्षीला गेलो होतो. साक्ष तीन वाक्यांची झाली, पण परत आलो तो अर्धा वकील होऊन. गल्लीत कोणाचंही भांडण लागलं की लोक म्हणत, "परशरामला इचारा, त्याला कायदा येतोय." ही समजूत कोणी पसरवली, ते विचारू नका.

तर असा हा कायदेपंडित एके दिवशी सायकलवरून बेळगावला गेला.

सायकल नवी नव्हती, पण माझी होती. काळी, मागे कॅरेज, आणि घंटी असून नसल्यासारखी. वाजवली की आतून खोकल्यासारखा आवाज यायचा. आमच्या सुंदरानं (म्हणजे माझ्या बायकोनं) दृष्ट लागू नये म्हणून बसायच्या गादीखाली लाल इरकली काठाची एक चिंधी बांधली होती. मी पोस्टात गेलो, पेढीची पत्रं रजिस्टर केली, बाहेर आलो, भिंतीला टेकलेली सायकल घेतली आणि निघालो.

आणि काय सांगू, सायकल त्या दिवशी लोण्यासारखी चालत होती! पायडल मारायचा अवकाश, चाकं आपली पळतायत. मी मनात म्हटलं, परवा खोबरेल तेल सोडलं त्याचा हा गुण. एका म्हशीला बाजूला करायला म्हणून घंटी दाबली, तर ती खणखणीत वाजली. देवळातल्या घंटेसारखी! मला वाटलं, तेल तिथपर्यंत पोचलं. (माणसाला स्वतःच्या हुशारीवर विश्वास ठेवायचा असला की तेल कुठंही पोचतं.) घरी आल्यावर मी सुंदराला अंगणात उभं करून सात वेळा घंटी वाजवून दाखवली.

ती म्हणाली, "अवो, चिंधी कुटं गेली?"

"पडली असंल वाटंत."

"गादी बी उंच दिसतीया."

"तेल सोडलंय," मी म्हणालो.

आता इथं त्या काळचा भूगोल सांगायला हवा. बेळगाव इंग्रजांचं आणि आमचं शहापूर संस्थानातलं. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, नुसता रस्ता. रस्त्याच्या अलीकडे शिंकलात तर संस्थानात, पलीकडे जाऊन खोकलात तर साहेबाच्या राज्यात. आम्ही दिवसातून चार वेळा परमुलखात जाऊन भाजी घेऊन परत येत होतो. पण पोलिसांना तसं चालत नसे. बेळगावचा पोलीस शहापुरात शिरायचा तर आधी कागद, मग कागदावर कागद, मग सही.

ती लोण्यासारखी सायकल शाळा तपासणाऱ्या डेपुटी साहेबांची होती. ते पोस्टातून बाहेर आले तर सायकल नाही. त्यांनी चौकीवर फिर्याद दिली. कोणीतरी सांगितलं, एक माणूस घंटी वाजवत शहापूरच्या बाजूला गेला. झालं! पोलिसांच्या वहीत लिहिलं गेलं की आरोपी मालासह सरहद्द ओलांडून परमुलखात फरार. एवढं मोठं वाक्य माझ्याबद्दल आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

आणि फरार आरोपी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सायकलवर बसून, डोक्याला नवा रुमाल बांधून, चौकीपुढून घंटी वाजवत चालला होता.

"निल्ल! निल्ल!" कानडीत 'थांब, थांब' म्हणत एक हवालदार धावत आला. मला वाटलं, सायकल बघायला थांबवतोय. मी उतरलो आणि विचारलं, "दाबून बघतासा काय घंटी?"

त्यानं माझा दंड दाबला.

"सायकल कुणाची?"

"माजी."

"ह्या गादीखाली नाव कुणाचं लिहिलंय?"

मी वाकून बघितलं. गादीखाली पत्र्यावर इंग्रजीत तीन अक्षरं कोरलेली होती. ती माझी नव्हती. मी काल दिवसभर त्या अक्षरांवर बसलो होतो.

"मग माजी कुटं हाय?" मी विचारलं.

"ते तूच सांग," हवालदार म्हणाला.

त्यांनी पोस्टापुढं माणूस पाठवला. तिथं सायकल नव्हती. म्हणजे माझ्याकडे दुसऱ्याची सायकल होती आणि माझी सायकल असल्याचा काहीच पुरावा नव्हता! मी कायद्याचं बोलायला तोंड उघडलं, पण तोवर कोठडीचं दार लागलं होतं.

संध्याकाळी सुंदरा भाकरी-पिठलं घेऊन आली. रडली नाही. गजाआडून माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि तेच जास्त अवघड गेलं. मी तिला धीर दिला. "उद्या कोर्टात हुबं करतील. जामीन मिळंल. पेढीकडनं पैसं आणायचं, तिथं भरायचं आणि घरी यायचं. मला ठाऊक हाय."

"आईला कळवू?" तिनं विचारलं.

"मेलो तरी न्हाय!"

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी या 'बरं'चा अर्थ मला अजून कळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढं नेलं. आमच्या पेढीनं एक वकील दिला होता. माणूस वयस्कर, शांत, आणि माझं बोलणं ऐकताना डोळे मिटून घेणारा. मी त्यांना म्हटलं, "वकीलसाहेब, पैसं तयार हायत. भरून टाका."

त्यांनी डोळे उघडले. "पैसे कोणी मागितले?"

"जामीन म्हंजे पैसंच न्हवं?"

"नव्हे," ते म्हणाले. "जामीन म्हणजे माणूस. तुम्ही एक कागद लिहून द्यायचा, तारखेला हजर राहीन म्हणून. तो जातमुचलका. आणि दुसऱ्या कोणीतरी लिहून द्यायचं, हा आला नाही तर मी भरपाई देईन, माझी जमीन, माझं घर त्याला बांधलेलं आहे. तो जामीनकतबा. तुम्ही आलात तर त्याचा पैसाही जात नाही. तुम्ही पळालात तर त्याचं घर जातं. कोर्टाला तुमचे पैसे नकोत हो. तुमच्यासाठी कोण स्वतःचं घर पणाला लावतो, ते कोर्टाला बघायचंय."

गेली दोन वर्षं मी गल्लीला जामिनाचा जो अर्थ सांगत होतो, तो पार उलटा निघाला. माझ्यासाठी घर पणाला लावणारं कोण? मी मनात नावं मोजू लागलो आणि एका हाताची बोटंही पुरी होईनात.

मॅजिस्ट्रेटसाहेब उभट चेहऱ्याचे, चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "आरोपी एकदा सरहद्दीपलीकडे गेलेला आहे. परत गेला तर आणायचा कसा? जामीन देतो, पण एक लायक जामीनदार पाहिजे, आणि त्याची स्थावर इंग्रजी हद्दीत पाहिजे. कोर्ट उठेपर्यंत जामीनदार आला नाही, तर आरोपीला हिंडलग्याला पाठवा."

हिंडलग्याचा तुरुंग मी बाहेरून बघितला होता. भिंत लई उंच होती, एवढंच त्या वेळी आठवलं.

मला कोर्टाच्या व्हरांड्यात एका हवालदाराशेजारी बसवलं. आणि मग मी जे बघितलं, ते आजही आठवलं की माझा ऊर भरून येतो. आमची सगळी गल्ली आली होती! माग बंद करून, हाताला सूत चिकटलेलं तसंच घेऊन! बाबू कोष्टी तर घराची कागदपत्रं धोतराच्या सोग्यात बांधून आला होता. ज्याचा अर्ज मी गेल्या वर्षी दोनदा चुकीचा लिहिला, तोच बाबू! शिरस्तेदाराच्या टेबलापुढं रांग लागली.

"घर कुठं?" शिरस्तेदारानं विचारलं.

"शापुरात," बाबू छाती काढून म्हणाला.

"संस्थान. चालत नाही. पुढचा."

"शापुरातच साहेब, पर दोन मजली हाय!"

"संस्थानात सात मजली असलं तरी नाही. पुढचा."

"माझं वडगावात हाय," तिसरा आनंदानं म्हणाला.

"ते दुसरं संस्थान!"

सगळी रांग सरकारी हद्दीच्या बाहेर राहणारी निघाली. माझ्यासाठी घर देणारे अकरा लोक होते आणि एकाचंही घर उपयोगाचं नव्हतं! मी त्यांच्याकडे बघून हात जोडले. बाबू खालच्या मानेनं म्हणाला, "परशराम, घर उचलून हिकडं ठेवता आलं असतं तर ठेवलं असतं रं."

तेवढ्यात आवारातल्या चिंचेखालून एक माणूस छत्री टेकत आला. भगवा फेटा, गळ्यात सोन्याची कंठी (पितळेची असावी), तोंडात विडा. "कोन अडकलंय?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मी दाजीबा. जामीन ऱ्हातो. घर पक्कं बेळगावात. काळजी सोडा!" आणि कानाशी येऊन त्यानं हळूच आपला दर सांगितला.

आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. बाबूनं त्याला टेबलापर्यंत अक्षरशः उचलून नेलं. शिरस्तेदारानं मान वर केली आणि लेखणी खाली ठेवली.

"दाजीबा, ह्या महिन्यात तुझं घर कितव्यांदा जामीन राहतंय?"

"घर भक्कम हाय साहेब."

"मागच्या तिघांतले दोघं पळाले. त्यांच्यापायी घर जप्तीत आहे, ते तुला कळलं का?"

दाजीबानं विडा गिळला. छत्री उघडली (ऊन नव्हतं, पाऊस नव्हता) आणि छत्रीआड तोंड करून तो चिंचेकडे निघून गेला.

चार वाजून गेले. हवालदारानं माझ्याकडे बघून कनवाळूपणानं विचारलं, "घोंगडं आणलंय काय? हिंडलग्याला थंडी आसती." मी नाही म्हणालो. त्या क्षणी मला हसूही आलं नाही आणि रडूही आलं नाही. फक्त एवढं वाटलं, सुंदरा सकाळपासून कुठं दिसली नाही.

आणि मग कोर्टाच्या फाटकातून दोन बायका आत आल्या. एक सुंदरा. दुसरी काळीसावळी, उंच, कासोटा घट्ट मारलेली, पोटऱ्यांना वाळलेला चिखल, डोक्याच्या केसांत भाताचं पिंजार अडकलेलं आणि कमरेला विळा. माझ्या सासूबाई, यल्लूबाई! भाताची कापणी चालू होती. सकाळच्या गाडीनं सुंदरा गेली, बांधावर उभं राहून हाक मारली, आणि बाई अर्ध्या कापलेल्या शेतातून तशाच निघाल्या होत्या. कापलेलं भात रानात उघडं टाकून.

फाटकावरचा पोलीस म्हणाला, "बाई, विळा बाहेर ठेवा."

"ठेवते की. पर परत द्या बरं, उद्या कापणी हाय," असं म्हणून त्यांनी सरकारच्या हातात विळा दिला.

त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मी उठलो. हवालदारही का कोण जाणे, उठला. तीन वर्षांचं मौन मोडायचं कोणी? सासूबाई सुंदराकडे वळून म्हणाल्या, "सुंदरे, जावयानं कायतरी खाल्लंय का इचार."

"खाल्लंय म्हनून सांग," मी सुंदराला सांगितलं.

"खोटं बोलत्यात म्हनावं. वठ सुकल्यात."

सुंदरा दोघांकडे बघून कपाळाला हात लावून खाली बसली.

सासूबाईंनी कडोसरीची पिशवी सोडली. त्यात मेणकापडात गुंडाळलेले कागद होते. सातबाऱ्याचा उतारा आणि शेतसाऱ्याच्या पावत्या, एकाखाली एक, एकही वर्ष न चुकता. जमीन त्यांच्या स्वतःच्या नावावर! नवरा लवकर गेला, तेव्हापासून दुसऱ्याच्या शेतात राबून, एक-एक तुकडा करत त्यांनी ती घेतली होती. खानापूर तालुक्यात, पक्क्या इंग्रजी हद्दीत. शिरस्तेदारानं एकेक पावती उलटली आणि त्याचा आवाजच बदलला. "बसा बाई," तो म्हणाला. दिवसभरात त्यानं कोणाला बसा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

जामीनकतबा वाचून झाला. सासूबाई म्हणाल्या, "परत वाचा."

परत वाचला.

"'हजर करीन' म्हंजे मी आणून हुबं करायचं न्हवं?"

"हो."

"आनि त्यो आला न्हाय तर माजं शेत."

"हो."

"मग बराबर हाय. साहेबाकडं चला."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. "बाई, हा तुमचा कोण?"

"लेकीचा दादला."

"हा एकदा सरहद्दीपलीकडे गेला होता. पुन्हा पळाला तर तुमची जमीन जाईल. समजतं ना?"

"समजतंय साहेब. पर ह्यो पळायचा न्हाय."

"कशावरून?"

"त्याला पळायला वाट सापडाय पायजे न्हवं! सवताची सायकल वळखत न्हाय ह्यो. दिवाळीला आलता तर शेजारच्या घरात जेवून आला."

कोर्ट हसलं. शिरस्तेदारानं तोंडापुढं फाईल धरली. माझ्या वकिलानं पहिल्यांदाच डोळे सताड उघडे ठेवले होते. आणि हसू थांबायच्या आतच सासूबाई पुढं बोलल्या, तेव्हा त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आनि साहेब, चोरानं सायकल न्हेली आसती तर लपवून ठेवली आसती का घंटी वाजवत पोलिसापुढनं न्हेली आसती? ह्यो मानूस यडा हाय. चोर न्हाय. त्येच्यावर मी माजं शेत लावते."

मी आयुष्यभर अर्ज लिहिले. 'नम्रपणे' आणि 'सविनय' आणि 'कृपावंत होऊन'. माझ्या सगळ्या अर्जांत मिळून जे नव्हतं, ते या बाईनं शाळेचं तोंड न बघता चार वाक्यांत सांगितलं. साहेबांनी मान हलवली. शिरस्तेदारानं शाईचा पॅड पुढं केला. विळ्यानं चिरलेला, चिखलानं भेगाळलेला तो अंगठा कागदावर टेकला आणि उठला. त्या निळ्या ठशाकडे मी बघतच राहिलो. एवढासा ठसा, आणि त्यात अख्खं शेत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. यडा म्हटल्याचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

बाहेर आल्यावर मी मौन मोडलं. "मामी," मी म्हणालो, "तुमचं उपकार कसं फेडू?"

"नंतर फेडा. आधी चला," त्या विळा परत घेत म्हणाल्या.

"कुटं?"

"माज्या गावाला. तारखंपर्यंत. कागदात काय लिवलंय? मी हजर करीन. तुमी शापुरात बसला तर मी खानापुरासनं कशी हजर करू? माल माज्याजवळ पायजे."

मी माल होतो! आठ दिवस मी त्यांच्या नजरेखाली राहिलो. ओढ्यावर निघालो तर हाक यायची, "कुटं चाललासा?" झाडामागं गेलो तर, "दिसत ऱ्हावा!" गावातली माणसं येऊन मला बघून जायची. "ह्योच व्हय जामिनावरचा जावई?" सासूबाई सांगायच्या, "व्हय, ह्योच. लांबनं बगा." ज्या शेजाऱ्यांकडे मी दिवाळीला जेवलो होतो, त्यांनी तर मुद्दाम ताट पाठवलं, म्हणजे मला तिकडं जायची तसदी पडू नये.

मी त्यांच्याबरोबर कापणीला गेलो. माझ्यापायी उघडं पडलेलं भात डुकरांनी निम्मंअधिक तुडवलं होतं. बांधावर उभं राहून मी ते बघितलं. सासूबाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. वाकून उरलेलं कापत राहिल्या. मी विळा घेतला. तासाभरात माझं बोट कापलं, तेव्हा त्यांनी लुगड्याची चिंधी फाडून बांधली आणि म्हणाल्या, "तुमी पेंढ्या मोजा, जावई. त्यात धार नसती."

तारखेच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीनं बेळगावला आलो. सुंदरा शहापुराहून येऊन थांबली होती. कोर्टाला अवकाश होता. सासूबाई म्हणाल्या, "सायकल कुटं ठिवलीती ती जागा दावा."

मी पोस्टापुढची भिंत दाखवली. सासूबाई त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "एक कळंना मला. साहेबाची सायकल तुमी न्हेली. मग साहेब हितनं गेला कशावरनं?"

मी, सुंदरा, वकील, हवालदार, मॅजिस्ट्रेट! हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

पोस्टातला शिपाई दारात विडी ओढत होता. सासूबाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "डेपुटी साहेब? लई तापलेलं. हितं एक सायकल हुबी हुती, तीच घेतली आनि चौकीवर गेलं की फिर्याद द्यायला!"

आम्ही चौकीकडे जवळजवळ पळतच गेलो. चौकीच्या मागच्या लिंबाला दोरीनं बांधलेली, धुळीनं माखलेली एक सायकल उभी होती. सुंदरा पुढं झाली, गादीखाली हात घातला आणि लाल इरकली चिंधी बाहेर ओढली. मी घंटी दाबली. खोकली! एवढा गोड खोकला मी कधी ऐकला नव्हता. ज्या कोठडीत मी बसलो होतो, तिच्या भिंतीपलीकडे, माझ्यापासून दहा हातांवर, साहेब रागाच्या भरात विसरून गेलेली माझी सायकल बेवारस म्हणून बांधलेली होती.

कोर्टात माझ्या वकिलांनी डेपुटी साहेबांना एकच प्रश्न विचारला. "पोस्टातून चौकीवर आपण कसे गेलात?"

"सायकलवरून," साहेब तडफेनं म्हणाले. आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढं काय आलं, ते सगळ्या कोर्टाला दिसत होतं.

"कोणाच्या?" वकिलांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

डेपुटी साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि हळूच माझ्याकडे बघून, सगळ्यांसमोर, हात जोडले. मीही जोडले. आता आम्ही दोघं एकाच गुन्ह्यातले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिता लिहिता हसू लपवलं आणि मला सोडून दिलं. "जामीनकतबा रद्द," ते म्हणाले. "बाई, तुमची जबाबदारी संपली." आणि मग, कायद्यात कुठंही लिहिलेलं नसताना, त्यांनी सासूबाईंकडे बघून किंचित मान झुकवली. मी ती बघितली. त्या दिवशी कोणाला मान मिळाला आणि कोणाला माफी, ते मला नीट कळलं.

त्यानंतर माझ्या मनात एकच होतं. या बाईला आज मानानं पोचवायचं. मी त्यांना टांग्यातून स्टेशनावर नेलं. (टांग्यात त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या.) मी तिकीट काढलं. मी गाठोडं उचललं. मी खिडकीजवळची जागा उपरण्यानं झटकून दिली. बाहेर येऊन खिडकीपाशी उभा राहिलो आणि डोळे पुसत म्हणालो, "मामी, तुमच्यासारखं मानूस मी बघितलं न्हाय. सांभाळून जावा."

त्यांच्याही डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तो हात मला आजही जाणवतो.

मग त्या हळूच म्हणाल्या, "जावई, खानापूरची गाडी समोरच्या फलाटाला हाय. ही मिरजंला चाललीया."

इंजिनानं शिट्टी दिली. मी गाठोडं घेऊन, सासूबाईंना धरून, चालू होत आलेल्या गाडीतून उतरवलं. "आधी का बोलला न्हाईसा, मामी?" मी धापा टाकत विचारलं.

"तुमी इतक्या मायेनं बसवलासा. मन मोडवंना," त्या फलाट ओलांडत म्हणाल्या. "पर साहेबानं जामीन जरा घाईनंच मोडला बगा."